उपवासाला न दिलेले औषध

माझा थोरला भाऊ सोमवती अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, बडोद्यात आमच्या राहत्या घरी मरण पावला. वय चौतीस. सहा वाजता मी त्याला उठवायला गेलो तेव्हा अंग गार होते. साडेसहाला शेजारच्या गल्लीतले डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, पापण्या उघडून पाहिल्या आणि फौजदाराला कळवायला सांगितले. अंथरुणाजवळ पत्र्याचा एक डबा होता. त्यात झोपेचे औषध साठवलेले असे. किती होते हे घरात कुणालाही माहीत नव्हते, कारण कुणी कधी मोजले नव्हते.

घरात आम्ही चौघे होतो: आई, दादा, वहिनी आणि मी. वडील सरकारी पागेत होते, ते आधीच वारले होते. खंडेराव मार्केटच्या मागच्या गल्लीत तीन खोल्या आणि मागे पडवी, एवढे घर. दादा इमारत खात्यात नकाशे काढीत असे. मी एका मराठी साप्ताहिकात नोकरीला होतो. सुरुवातीला प्रुफे तपासायला आणि नंतर बातम्या आणायला.

दादाचे दुखणे मरणाच्या दोन वर्षे आधी सुरू झाले. प्रथम झोप गेली. मग एका शाळेच्या नकाशात एक भिंत वाकडी आली आहे असे तो म्हणू लागला. वरिष्ठांनी पट्टी लावून दाखवली. भिंत सरळ होती. त्याने तोच नकाशा सहा वेळा पुन्हा काढला. त्यानंतर तो कचेरीत जाईना, जेवीना आणि बोलेना. एकदा त्याने जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला. शेजाऱ्यांनी वेळेवर पाहिले म्हणून वाचला. त्यानंतर त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले. आठ महिने तो तिथे होता.

त्या आठ महिन्यांत वहिनीने गल्लीतल्या मुलींना दुपारी पडवीत बसवून वाचायला शिकवले. तिचे मराठी पाचवीपर्यंत झाले होते. शिक्षिका होण्यासाठी बायकांचा जो ट्रेनिंगचा वर्ग चाले, त्याचा अर्ज तिने आणवून घेतला होता. अर्जासोबत चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागे. दादा परत आला त्या दिवशी तिने तो कोरा अर्ज कपड्यांच्या घडीखाली ठेवला. मी विचारले तेव्हा म्हणाली, "आता एकच विद्यार्थी पुरे, भाऊजी."

दादा चैत्रात घरी आला. इस्पितळातून त्याला फतेगंजातल्या एका डॉक्टरांकडे सोपवले होते. पहिल्या भेटीला आम्ही तिघे गेलो. डॉक्टर दादाशी बोलले, मग त्याला बाहेर बसवून वहिनीला म्हणाले, "बाई, रात्री एक. तुमच्या हातानं आणि तुमच्या डोळ्यांसमोर. बाकीचं कुलपात. बरा दिसायला लागला तरी कुलपात."

वहिनीने ते अक्षरशः पाळले. औषध तिच्या ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली तिच्या कमरेला.

औषध दर शनिवारी सात दिवसांचे मिळे. आणायला मी जात असे. सुरुवातीला ती कडू पूड कागदात बांधलेली असे आणि दादा ती निम्मी थुंकून टाकी. म्हणून डॉक्टरांनी ती पिठाच्या चपट्या आवरणात भरून द्यायला सांगितले. पाण्यात बुडवून गिळायची, चव लागत नाही. कंपाउंडर गुजराती होता आणि मी छापखान्यातला म्हणून माझी थट्टा करी.

"शुं भाई, खबर लेवा आव्या के दवा लेवा?"

"दोन्ही. हे वरचं कशाचं आहे?"

"आ तो नानो खाखरो छे. पाणीमां बोळो ने गळी जाव."

"खाखरा गव्हाचा असतो."

"तो घउंनो समजो. लखी लो, लखी लो."

विचारायचे काही कारण नव्हते. घरी आल्यावर ते मी जेवताना सांगितले, हसण्यासाठीच. दादाही हसला. घरी आल्यापासून तो पहिल्यांदा हसला असे वहिनीने नंतर मला सांगितले.

आई हसली नाही. "गव्हाचा? खरंच गव्हाचा?"

"गव्हाचा, नाही तर तांदळाचा. पिठाचा तर आहेच."

"मग सोमवारी कसा चालेल?"

दादा इस्पितळात असताना आईने नवस केला होता. तो घरी आला तर तो सोमवार आणि दोन्ही एकादश्या करील, आणि संध्याकाळी न सोडता दुसऱ्या दिवशी सकाळी सोडील. दादाने तो नवस मान्य केला होता. उपवासाला आमच्या घरी धान्य चालत नसे. औषध चालते की नाही हा प्रश्न तोवर आला नव्हता. कागदातल्या पुडीत धान्य नव्हते.

वहिनी म्हणाली, "डॉक्टरांनी रोज सांगितलंय, सासूबाई."

"रोज म्हणजे जेवणाच्या दिवशी रोज. एका दिवसानं काय होतंय? देवानं घरी आणलंय त्याला, तुझ्या डॉक्टरानं नाही."

"पूड काढून पाण्यातून देते."

"पिठात ठेवलेली पूड ती. पीठ लागलेलंच की तिला. बाटवून दिलंस तर नवस माझा मोडेल, तुझा नाही."

वहिनीने दादाकडे पाहिले. दादा म्हणाला, "राहू दे. उपवासाला मला झोप येते."

ते खरे नव्हते. त्या सोमवारी तो पहाटेपर्यंत जागा होता. तरी नियम तोच ठरला.

पहिल्या आठवड्यात सोमवारची आणि एकादशीची अशा उरलेल्या दोन पुड्या मी शनिवारी डॉक्टरांना परत नेऊन दिल्या. त्यांनी कारण विचारले. उपवासाचे सांगितल्यावर ते चिडले. "रोज देता येत नसेल तर त्याला परत इस्पितळात पाठवावं लागेल. तसं लिहून देऊ का?" मी नको म्हटले आणि घरी येऊन ते जसेच्या तसे सांगितले. दादाने ते ऐकले. तो उठून आतल्या खोलीत गेला आणि संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

त्यानंतर उरलेले औषध परत गेले नाही. फेकायचे आईला पटेना. दवा अशी उकिरड्यावर टाकतात का, असे ती म्हणे. वहिनीने ते पत्र्याच्या डब्यात घालून ट्रंकेत ठेवले. ट्रंकेला कुलूप होते, त्यामुळे तिला त्यात काही वावगे वाटले नाही. मलाही वाटले नाही. डॉक्टर दर शनिवारी मला विचारीत, "झोप कशी आहे?" मी सांगे, "बरी आहे." उपवास सोडून बाकीच्या दिवसांपुरते ते खरे असे.

ज्येष्ठात तो कचेरीत जाऊ लागला. आषाढात एका सहकाऱ्याचे लग्न होते, तिथेही गेला. श्रावण लागताच आईने गुरुवारही धरायला लावला. दादाने हरकत घेतली नाही. श्रावणाच्या शेवटच्या पंधरवड्यात त्याने नकाशाच्या सामानाची पितळी पेटी, जी तो कुणाला हात लावू देत नसे, कचेरीतल्या एका नव्या माणसाला देऊन टाकली. मित्रांकडून आणलेली पुस्तके आठवणीने परत केली. मला म्हणाला, "तुझ्या पेपरात माणसं लागतात ना, आईला सोडून जरा मुंबईकडं बघ." बोलणे शांत होते, जेवण नीट होते. आई शेजारणीला म्हणाली, माझा मुलगा पहिल्यासारखा झाला. वहिनीने आणि मीही तसेच मानले.

मरणाच्या आधीचा शनिवार. त्या दिवशी वहिनी बाजूला बसली. महिन्याचे ते चार दिवस आमच्या घरी बाई मागच्या पडवीत राही आणि कशालाही शिवत नसे. तिच्या हातून कुणी काही घेत नसे. औषध द्यायचे काम त्या दिवसांत आईकडे येई. एरवी वहिनी आदल्या दिवशीच किल्ली काढून ठेवी. या खेपेला दिवस लवकर आले आणि किल्ली तिच्या कमरेलाच राहिली. तिने ती पडवीच्या उंबऱ्यावर ठेवली. आईने तिच्यावर पाणी ओतले, फडक्याने उचलली आणि पुन्हा कुठे विटाळायला नको म्हणून देवघराच्या कोनाड्यात ठेवली.

वहिनी पडवीतून म्हणाली, "सासूबाई, किल्ली अंगावरच ठेवा."

"माझ्या लुगड्याला लावून हरवू? देवाजवळ आहे. देवाजवळून कोण नेतंय?"

मी तेव्हा पुढच्या खोलीत दाढी करीत होतो. हे बोलणे मी ऐकले. किल्ली ठेवताना मी पाहिली.

दुपारी मी फतेगंजातून नव्या आठवड्याचे औषध आणले आणि आईच्या हाती दिले. आईने ते ट्रंकेत ठेवले. शनिवारी आणि रविवारी रात्री तिने दादाला एकेक दिले. किल्ली दोन्ही वेळा परत कोनाड्यात गेली. सोमवारी अमावास्या होती आणि उपवास होता, म्हणून औषध नव्हते. सोमवारी घरातली पूजा दादा करी. त्या दिवशी त्याने ती केली. पूजेला नेहमीपेक्षा वेळ लागला, असे आईने नंतर सांगितले.

मंगळवारी सकाळी मी हाका मारल्या तेव्हा आई आधी आली. तिने दादाच्या पायांना हात लावला आणि खाली बसली. वहिनी पडवीच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्याशी थांबली. आईने तिला अडवले नाही. वहिनी आत आली आणि त्याचे डोके तिने मांडीवर घेतले. ट्रंक उघडी होती. किल्ली कुलपात होती.

फौजदार नऊ वाजता आले. बरोबर एक कारकून होता. गल्लीतले तीन पुरुष पंच म्हणून बसले. बोलणे मराठी-गुजरातीत झाले, लिहिणे सगळे गुजरातीत. फौजदारांनी आधी आईला विचारले.

"माजी, दवा कोण आपतुं?"

"सून द्यायची."

"चावी कोणाकडे असते?"

"सुनेच्या कमरेला."

कारकुनाने ते लिहिले. आई खोटे बोलली नव्हती. विचारले तेवढेच तिने सांगितले. फौजदार वहिनीकडे वळले. ती आतल्या दाराच्या आड बसली होती.

"बेन, चावी तमारी पासे हती?"

वहिनी बोलली नाही.

"काल रात्री दवा तमे दिली?"

ती बोलली नाही. उत्तर द्यायचे तर आपण बाजूला बसलो होतो हे पाच परक्या पुरुषांसमोर सांगावे लागणार होते. तिने पदर तोंडाशी धरला आणि जमिनीकडे पाहत राहिली. पंचांपैकी एक जण दुसऱ्याला म्हणाला, "बोलत नाही म्हणजे काहीतरी आहेच." तो हळू बोलला होता, पण ते आत ऐकू गेले.

फौजदार कारकुनाला म्हणाले, "लखो. जवाब आपती नथी."

हे वाक्य पंचनाम्यात तसेच राहिले असते तर पुढे काय झाले असते, याबद्दल मला शंका नव्हती. वर्तणुकीचा दाखला फौजदार कचेरीतूनच निघे. नवऱ्याचे औषध जिच्या ताब्यात होते आणि जिने जाब दिला नाही, त्या बाईला तो मिळाला नसता. दाखला नाही तर ट्रेनिंग नाही, आणि ट्रेनिंग नाही तर मग हे घर किंवा शहराबाहेर वासण्याला तिच्या भावाचे घर. तिच्या भावाला पाच मुले होती.

मी म्हणालो, "माझा जबाब घ्या."

"थांबा, तमारो वारो आवशे."

"आत्ता घ्या. किल्ली शनिवारपासून वहिनीकडे नव्हती. देवघराच्या कोनाड्यात होती. ती बाजूला बसली होती. औषध आई देत होती."

आई म्हणाली, "चार बाप्यांत हे बोलतोस? लाज नाही वाटत?"

"आणि डबा का भरला तेही लिहा. औषधाचं आवरण पिठाचं आहे हे घरात मी सांगितलं. विचारायचं कारण नसताना विचारलं आणि सांगितलं. म्हणून उपवासाला औषध बंद झालं. डॉक्टरांनी परत पाठवीन म्हटलं तेही मीच घरी सांगितलं, आणि म्हणून उरलेलं परत गेलं नाही. दर शनिवारी झोप बरी आहे असं डॉक्टरांना मी सांगत होतो."

फौजदारांनी माझ्याकडे पाहिले. "तमे छापावाळा. स्वतःच्याच विरुद्ध बधुं लखावो छो?"

"जे झालं ते."

त्यांनी कारकुनाला आधीची ओळ खोडायला सांगितली नाही. खाली माझा जबाब लिहून घेतला. मला वाचून दाखवला. मी सही केली. मग त्यांनी आईला पुन्हा विचारले, "माजी, चावी देवघरमां हती?" आईने देवघराकडे पाहिले. मग म्हणाली, "देवाजवळ होती." कारकुनाने तेही लिहिले.

त्या आठवड्यात साप्ताहिकात दोन ओळी आल्या. संपादकांनी विचारले होते, "काय लिहायचं?" मी म्हणालो, "मृत्यू झाला एवढंच." अल्पशा आजाराने, हे शब्द त्यांनी स्वतः घातले. मी प्रूफ तपासले आणि ते काढले नाहीत.

दहाव्यानंतर मी फतेगंजातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पंचनामा वाचला होता. समोरची खुर्ची दाखवून ते म्हणाले, "मी तुम्हाला झोप विचारत होतो. घरात किती उरलंय हे विचारलं नाही. तुम्ही परत आणलंत त्या दिवशी रागावलो, तिथं सगळं बंद झालं. माणूस बरा दिसायला लागतो तेव्हा जास्त बघावं लागतं. वस्तू वाटतो, देणंघेणं निपटतो. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं." मी पेटीचे आणि पुस्तकांचे सांगितले. त्यांनी मान हलवली. त्यानंतर त्यांच्याकडे अशा रोग्यांना तीन दिवसांचेच औषध मिळू लागले, आणि उरलेले आणून दाखवल्याशिवाय पुढचे मिळत नसे. परत आणणाऱ्याला कुणी रागावत नसे. हे मला कंपाउंडरने सांगितले. तो माझी थट्टा करीनासा झाला होता. शेवटी एवढेच म्हणाला, "भाई, खाखरानी वात में करी हती." ती गोष्ट त्याने काढली होती, असे त्याचे म्हणणे होते. मी त्याला सांगितले की जबाबात त्याचा उल्लेख नाही.

घरात आई माझ्याशी बोलत असे. वहिनीशी बोलत नसे. ताट वाढून ती वहिनीसमोर सरकवी. तेराव्याला आलेल्या बायकांना तिने सांगितले, "विटाळाची किल्ली उंबऱ्यावर ठेवली, तिथंच सगळं झालं." वहिनीने ते ऐकले. त्या बायका गेल्यावर तिने भांडी घासली, आणि मग मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही खरं सांगितलंत. पण सगळ्यांसमोर सांगितलंत. मला आता या गल्लीतून जाता येत नाही."

"गप्प बसलो असतो तर दाखला मिळाला नसता."

"माहीत आहे. मी फक्त सांगितलं."

फौजदारांचा अहवाल आश्विनात पूर्ण झाला. त्यात असे आहे की औषध मयताच्या पत्नीच्या ताब्यात असे, परंतु घटनेच्या दिवशी किल्ली तिच्याकडे नव्हती. कुणाविरुद्ध तक्रार नाही. कार्तिकात वहिनीने अर्ज भरला. दाखल्यासाठी मी तिच्याबरोबर कचेरीत गेलो. कारकून तोच होता. त्याने कागद पुढे केला आणि वहिनीकडे न पाहता म्हणाला, "सही करो, बेन." दाखल्यावर वर्तणूक चांगली असे लिहिले होते.

ट्रेनिंगच्या काळात ती वासण्याला भावाकडे राहिली आणि रोज चालत शहरात आली. आमच्या गल्लीवरून जवळचा रस्ता होता. ती मार्केटला वळसा घालून जात असे. ट्रेनिंग संपल्यावर तिला सोनगढकडच्या एका गावात मुलींच्या शाळेवर नेमले. तिथून मला वर्षाला एक पोस्टकार्ड येई. त्यात शाळेचा पट, पावसाचे मान आणि माझ्या प्रकृतीची चौकशी असे. आईची चौकशी नसे. आईनेही कधी कार्ड वाचून दाखव असे म्हटले नाही. ते आले की ती दुसऱ्या खोलीत जात असे. सोमवार तिने सोडले नाहीत.

आई दादानंतर नऊ वर्षांनी, माघात वारली. शेवटच्या आठवड्यात तिने दोनदा विचारले, "सुनेला कळवलंस का?" पहिल्यांदा विचारले त्याच दिवशी मी वहिनीला तार केली आणि पोच मागवली. वहिनी आली नाही. तार तिच्या हाती पडल्याची पोच, तार केल्यापासून चौथ्या दिवशी, पोस्टातून आली.